एम-थ्रीच्या वर्गात ‘पोरांना इंटरेस्टच नाही’: दरवर्षी येणारी अडचण आणि ती सोडवायची कशी

एम-थ्री म्हणजे इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाचं गणित. त्याच्या वर्गातली लक्षणं दरवर्षी तीच असतात. सेमिस्टर सुरू होताना वर्ग भरलेला, महिना-दीड महिन्यात मागचे बाक रिकामे. इनसेम, म्हणजे सेमिस्टरच्या मधली परीक्षा, झाली की आणखी काही चेहरे दिसेनासे होतात. जे येतात ते फळ्यावरचं मुकाट्याने उतरवून घेतात, पण ‘आता पुढचं उदाहरण तुम्ही सोडवा’ म्हटलं की पेन खाली. असाइनमेंट साठ जणांच्या येतात, चूक मात्र सगळ्यांची एकच आणि तीही त्याच ओळीत. आणि प्रत्येक तासाला एक प्रश्न हमखास येतो, ‘मॅडम, हे एंडसेमला येतं का?’

स्टाफरूममधलं निदानही ठरलेलं असतं. पोरांना इंटरेस्टच नाही. मोबाइल, रील्स, कोविडमध्ये मोडलेली सवय, आईवडिलांच्या हट्टापायी घेतलेली ॲडमिशन. मग उपाय म्हणून एक मोटिव्हेशनल स्पीकर बोलावला जातो, कमी हजेरीवाल्यांची डिफॉल्टर लिस्ट लागते, पालकांना फोन जातात. पुढच्या वर्षी पुन्हा हेच.

मी हेच गणित शिकवते. हे लिहिते आहे ते अशाच वर्गांसमोर उभ्या राहणाऱ्या शिक्षकांसाठी, आणि त्यातही नव्याने नोकरीला लागलेल्यांसाठी. ‘इंटरेस्ट नाही’ या एका तक्रारीखाली तीन वेगवेगळे बिघाड असतात. एकाचा उपाय दुसऱ्यावर केला तर काहीच होत नाही, कधीकधी उलटंच होतं. म्हणून आधी तपासायचं, मग हात घालायचा.

कारण आधीच ठरवून टाकू नका

अमेरिकेतल्या बर्कली विद्यापीठात १९७० च्या दशकात युरी ट्रीझमन नावाचा गणिताचा तरुण संशोधक याच प्रश्नाला भिडला होता. पहिल्या वर्षाच्या कॅल्क्युलसमध्ये कृष्णवर्णीय विद्यार्थी मोठ्या संख्येने नापास होत होते. त्याने प्राध्यापकांना कारणं विचारली. उत्तरं आली ती अशी: प्रेरणा कमी, पाया कच्चा, घरून पाठबळ नाही, घरची गरिबी. आपल्या स्टाफरूममध्येही अगदी हीच चार कारणं ऐकायला मिळतात.

ट्रीझमन तिथे थांबला नाही. वीस कृष्णवर्णीय आणि वीस चिनी वंशाच्या विद्यार्थ्यांसोबत तो सुमारे दीड वर्ष राहिला. ती मुलं अभ्यास कशी करतात, कुठे बसतात, अडली की काय करतात हे त्याने डोळ्यांनी पाहिलं. चारही कारणं टिकली नाहीत. कृष्णवर्णीय मुलं मेहनत करत होती, घरच्यांचाही पाठिंबा होता. पण ती एकेकटी अभ्यास करत होती. अडलं की अडलंच, आणि ते फक्त आपल्यालाच अडलंय असं त्यांना वाटायचं. चिनी मुलं आधी स्वतंत्र सोडवायची, मग संध्याकाळी एकत्र बसून एकमेकांची उत्तरं ताडून बघायची. एखादं उदाहरण कुणालाच सुटलं नाही तर ते अवघडच आहे हे त्यांना कळायचं, आपण ढ आहोत असा निष्कर्ष निघत नसे.

ट्रीझमनने मग एकत्र बसून अवघड उदाहरणं सोडवण्याच्या कार्यशाळा सुरू केल्या आणि त्या मुलांचे निकाल सुधारले. यात कुणी कुणाला प्रेरणा दिली नव्हती. प्रेरणा होतीच, अभ्यासाच्या रीतीत ती अडकून पडली होती.

बिघाड नेमका कुठे आहे?

जॅकलीन एकल्स आणि ॲलन विगफिल्ड या मानसशास्त्रज्ञांनी शिकणाऱ्याच्या मनातल्या हिशोबाची जी मांडणी केली आहे ती मला वर्गात सर्वांत जास्त उपयोगी पडते. विद्यार्थी मनाशी तीन गोष्टी जोखत असतो. हे मला जमेल का? जमलं तर त्याचं मला काय? आणि त्यासाठी दुसरं काय सोडावं लागेल? यातलं एक जरी फिसकटलं तरी मुलगा हात आखडता घेतो, आणि बाहेरून तिन्ही प्रकरणं सारखीच दिसतात.

थोडं निरखून पाहिलं तर फरक कळतो. जो रोज येतो, पहिल्या-दुसऱ्या बाकावर बसतो, पण स्वतःहून एक ओळ लिहीत नाही, त्याचा बहुतेक वेळा ‘जमेल का’ हा प्रश्न असतो. जो येत नाही पण युनिट टेस्टला बऱ्यापैकी मार्क घेतो, त्याला हे सगळं कशासाठी ते कळलेलं नाही. आणि सकाळच्या तासाला उशिरा येऊन पेंगणाऱ्याला आधी विचारा, तो राहतो कुठे आणि किती वाजता उठतो.

अंदाजावर न राहता एक चिठ्ठी घ्या. तिसऱ्या आठवड्यात, तासाची शेवटची पाच मिनिटं, नाव न लिहिता. ‘अभ्यास का करत नाही?’ असं विचारू नका, त्याला सगळे ‘सॉरी मॅडम, आता करीन’ असंच लिहितात. त्याऐवजी हा प्रश्न द्या: ‘या विषयाचा अभ्यास करायला शेवटचं बसलात तेव्हा नेमक्या कुठल्या ओळीवर उठलात, आणि उठून काय केलंत?’ मराठीत लिहा, हिंदीत लिहा, चालेल म्हणून सांगा. या प्रश्नाला खरी उत्तरं येतात. ‘उदाहरण तीनमध्ये दुसरी स्टेप कुठून आली कळलं नाही, मग यूट्यूब लावलं, मग झोपलो.’ ‘बसलोच नाही, रूमवर सहा जण आहोत.’ ‘हे कुठे लागणार तेच माहीत नाही.’ शंभर टक्के हजेरीच्या रजिस्टरमधून हे कधीच कळलं नसतं.

‘मला जमणारच नाही’: सर्वांत मोठा आणि सर्वांत जास्त लपणारा बिघाड

एम-थ्रीपुरतं बोलायचं तर आधी डिप्लोमाच्या मुलांबद्दल बोललं पाहिजे. दहावीनंतर तीन वर्षांचा डिप्लोमा करून ही मुलं थेट दुसऱ्या वर्षाला येतात. एम-वन आणि एम-टू, म्हणजे पहिल्या वर्षाचं गणित, त्यांनी केलेलंच नसतं. त्यात डायरेक्ट सेकंड इयरच्या प्रवेशफेऱ्या लांबतात, त्यामुळे ही मुलं वर्गात येईपर्यंत पहिलं युनिट अर्धंअधिक उरकलेलं असतं. आल्या आल्या समोर फळ्यावर डी स्क्वेअर आणि पार्टिक्युलर इंटिग्रल. शेजारचा बारावीवाला माना डोलावतोय. अशा वेळी गप्प बसणं हाच शहाणपणा वाटला तर नवल नाही.

एकाची वही सांगते. व्हेक्टर कॅल्क्युलसमध्ये ग्रेडियंट काढायचा होता. फाय बरोबर एक्स वर्ग वाय अधिक वाय झेड, बिंदू एक, दोन, उणे एक. साधं उदाहरण. एक्सच्या संदर्भात पार्शल डेरिव्हेटिव्ह घेतलं की टू एक्स वाय, वायच्या संदर्भात एक्स वर्ग अधिक झेड, झेडच्या संदर्भात नुसता वाय. किंमती घातल्या की चार, शून्य, दोन. या मुलाने पहिल्याच ओळीत लिहिलं होतं: टू एक्स वाय, अधिक एक्स वर्ग डीवाय बाय डीएक्स, अधिक झेड डीवाय बाय डीएक्स, अधिक वाय डीझेड बाय डीएक्स. पुढे कोरं.

वरवर पाहिलं तर काहीतरी खरडलंय असं वाटतं. पण नीट बघा. प्रॉडक्ट रूल अगदी बिनचूक लावला आहे. डिप्लोमाला इम्प्लिसिट फंक्शनचं डिफरन्सिएशन शिकवतात, तिथे वाय हा एक्सवर अवलंबून असतो. मुलगा तेच इथे करत होता आणि उत्तम करत होता. त्याला फक्त कुणी सांगितलं नव्हतं की इथे एक्स बदलत असताना वाय आणि झेड जागचे हलत नाहीत. ‘अरे, तुझं डिफरन्सिएशन पक्कं आहे. इथे फक्त वायला पाच समज, झेडला सात समज, आणि आता कर,’ एवढं म्हटल्यावर त्याने पुढची दोन उदाहरणं उभ्या उभ्या सोडवली. ‘एवढंच होतं का मॅडम?’ म्हणाला. एवढंच होतं, आणि तेवढ्यापायी त्याने सहा आठवडे मान वर केली नव्हती.

यावर करायचं काय, तर पहिल्याच आठवड्यात एक छोटी चाचणी घ्या. आठ प्रश्न, वीस मिनिटं, मार्क नाहीत हे आधीच सांगा, पण नाव लिहायला लावा. प्रश्न एम-थ्रीचे नकोत, एम-थ्रीला जे लागतं त्याचे हवेत. पार्शल डेरिव्हेटिव्ह, इंटिग्रेशन बाय पार्ट्स, पार्शल फ्रॅक्शन्स, क्वाड्रॅटिकची कॉम्प्लेक्स मुळं. कोण कुठे अडतो ते एका संध्याकाळी कळतं. त्यावरून चार-पाच पानांची टिपणं काढा, प्रत्येक पानावर एकच गोष्ट, दोन सोडवलेली उदाहरणं आणि तीन सोडवायची. उशिरा आलेल्यांना ती आल्या दिवशी हातात द्या. आणि ज्या युनिटला जे पान लागतं ते त्या युनिटच्या आदल्या आठवड्यात ट्यूटोरियलला करून घ्या. सगळं सुरुवातीलाच एकदम उरकलं तर लागेल तेव्हा ते कुणाच्या लक्षात नसतं.

अल्बर्ट बंडुरा यांनी १९७७ मध्ये ‘आपल्याला हे करता येईल’ या विश्वासाचा सिद्धांत मांडला. हा विश्वास कशातून येतो याचे त्यांनी चार स्रोत सांगितले आणि त्यांतला सर्वांत भक्कम म्हणजे स्वतः करून जमल्याचा अनुभव. दुसऱ्यांनी दिलेला धीर त्या यादीत आहे, पण त्याची ताकद बरीच कमी. म्हणून ‘तुम्ही करू शकता’ असं शंभरदा म्हणण्यापेक्षा दर आठवड्याला एक असं उदाहरण द्या जे मुलाला सुटेल आणि ज्यात थोडा तरी कस लागेल. फुकटच्या सोप्या उदाहरणाने उलटा परिणाम होतो. आपल्याला मुद्दाम सोपं दिलंय हे मुलांना लगेच कळतं.

पेपर तपासून देतानाही हेच. नुसतं ‘१०/३०, अभ्यास करा’ लिहिलं तर मुलाला हाती काय लागलं? डेव्हिड येगर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१४ मध्ये एक साधा प्रयोग प्रसिद्ध केला. शाळकरी मुलांच्या निबंधांवर शिक्षकांनी नेहमीसारखे शेरे मारले आणि काहींच्या कागदावर एक चिठ्ठी जोडली: माझ्या अपेक्षा मोठ्या आहेत आणि तू त्या पूर्ण करू शकशील हे मला माहीत आहे, म्हणून एवढे शेरे दिले आहेत. चिठ्ठी मिळालेल्या मुलांनी निबंध पुन्हा लिहून आणण्याचं प्रमाण वाढलं, आणि सर्वांत जास्त फरक शिक्षकांवर विश्वास कमी असलेल्या कृष्णवर्णीय मुलांत पडला. प्रयोग शाळेतला आहे, आपली मुलं मोठी आहेत, पण माणसाचं मन तेच. नेमकी चुकलेली ओळ दाखवा आणि शेजारी लिहा: ‘इथपर्यंत पद्धत बरोबर. ही ओळ सुधारून सोमवारी दाखव, पूर्ण उत्तर तुला येतं.’ मी हे निम्म्या वर्गालाच लिहू शकते, बाकीच्यांना पुढच्या टेस्टला. तेवढ्यानेही केबिनच्या दारात येणाऱ्यांची संख्या बदलते.

एक गोष्ट मात्र कटाक्षाने टाळा. नॅकच्या, म्हणजे कॉलेजांना मानांकन देणाऱ्या संस्थेच्या, फाइलसाठी ‘स्लो लर्नर’ आणि ‘ॲडव्हान्स्ड लर्नर’ अशा याद्या कराव्या लागतात. करा, पण त्या फाइलमध्येच राहू द्या. नोटीस बोर्डावर रोल नंबरसकट लागलेली स्लो लर्नरची यादी मी पाहिली आहे. त्या यादीतला मुलगा रेमेडियल लेक्चरला येत नाही, कारण त्या वर्गाच्या दारातून आत जाणं म्हणजे सगळ्यांदेखत कबुली देणं. ट्रीझमनच्या कार्यशाळा रेमेडियल नव्हत्या हे मुद्दाम लक्षात ठेवा. तिथे नेहमीच्या कोर्सपेक्षा अवघड उदाहरणं असत, आणि त्यामुळे तिथे जाण्यात मान होता.

चौघांचा गट, पण नीट जुळवलेला

ट्यूटोरियल बॅच वीस-बावीस जणांची असते. त्यात चार-पाच जणांचे गट करा आणि गट तुम्ही ठरवा. मुलांवर सोडलं तर डिप्लोमावाले एकीकडे, बारावीवाले दुसरीकडे, हॉस्टेलवाले तिसरीकडे. प्रत्येक गटात किमान दोन डिप्लोमावाले असू द्या. एकटा पडला की तो गप्प बसतो, दोघे असले की बोलतात.

आणि अधूनमधून उदाहरण असं निवडा ज्यात त्यांचं जड पारडं आहे. स्प्रिंग-मास-डॅम्परचं गणित घेतलं की मी आधी विचारते, गाडीचं शॉकअप कुणी उघडून पाहिलंय? हात डिप्लोमाच्या पोरांचेच वर होतात. शॉकअपमधलं तेल गळालं की गाडी स्पीडब्रेकरवरून गेल्यावर खालीवर हलत राहते, हे ते सांगतात. मग बारावीवाला समीकरणात दाखवतो की तेल गेलं म्हणजे डॅम्पिंगचा सी कमी झाला, सी वर्ग हा चार एम के पेक्षा (एम म्हणजे वस्तुमान, के म्हणजे स्प्रिंगचा ताठरपणा) बराच लहान झाला, मुळं कॉम्प्लेक्स आली आणि त्यांचा रिअल भाग शून्याच्या जवळ आला, म्हणून हेलकावे लवकर विरत नाहीत. दोघांनाही दुसऱ्याकडून काहीतरी मिळालं. त्या दिवसानंतर त्या गटातला डिप्लोमावाला शंका विचारायला कचरत नाही, कारण त्याचीही काही किंमत आहे हे सगळ्यांनी पाहिलेलं असतं.

‘शिकून करायचंय काय?’

इथे आपण शिक्षक हमखास उपयोगांवर भाषण देतो. फूरिअर ट्रान्सफॉर्म मोबाइलमध्ये आहे, एमआरआयमध्ये आहे. मुलं ऐकून घेतात.

ख्रिस हलमन आणि ज्युडिथ हॅराकिविझ यांचा २००९ मधला अभ्यास वेगळा रस्ता दाखवतो. त्यांनी विज्ञान शिकणाऱ्या मुलांना उपयोग सांगितला नाही. वर्गात शिकलेल्याचा आपल्या आयुष्याशी काय संबंध आहे ते मुलांनाच लिहायला लावलं. ज्यांना आपल्या यशाची खात्री नव्हती त्यांची गोडीही वाढली आणि ग्रेडही सुधारली. नंतरच्या कामात असंही दिसलं की आत्मविश्वास कमी असलेल्या मुलांना उपयोग बाहेरून ठासून सांगितला तर परिणाम उलट होऊ शकतो. मला हे पटतं. ज्याला आधीच जमत नाहीये त्याला ‘याच्याशिवाय इंजिनिअर होता येत नाही’ असं सांगितल्यावर त्याने काय करावं?

म्हणून प्रत्येक युनिटनंतर अर्धं पान लिहून घ्या, हवं तर मराठीत. ‘या युनिटमधली एक गोष्ट तुमच्या घरी, गावात, डिप्लोमाच्या ट्रेनिंगमध्ये किंवा गाडीत कुठे दिसते?’ मार्क फक्त लिहिल्याचे, बरोबर-चूक नाही. पहिल्या वेळी निम्मे जण गूगलवरचं उतरवतात. त्यातली स्वतःची दोन-तीन निवडून पुढच्या तासाला नाव न सांगता वाचून दाखवा. दुसऱ्या वेळी भट्टीतून काढलेला जॉब किती वेळाने हातात धरता येतो, इन्व्हर्टर चालू केल्यावर पंखा का घुमतो, असं काही येऊ लागतं. त्यातलं गणित कधी चुकीचं असतं, ते नंतर दुरुस्त करता येतं.

आणि ‘एंडसेमला येतं का?’ या प्रश्नावर चिडू नका. तो याच हिशोबातला सरळ प्रश्न आहे, उत्तरही सरळ द्या. ‘हो, या युनिटवर इतके मार्क, या प्रकारचा प्रश्न येतो. हा भाग येत नाही, पण पुढच्या वर्षी कंट्रोल सिस्टिमला लागेल.’ परीक्षेची काळजी मिटली की मूल ऐकायला मोकळं होतं.

हजेरी, डिफॉल्टर लिस्ट आणि सबमिशन

पंचाहत्तर टक्के हजेरीचा नियम आपल्या हातात नाही. पण त्यावर आणखी मार्क, दंड आणि धमक्या चढवण्याआधी एडवर्ड डेसी यांचा १९७१ मधला प्रयोग आठवा. कॉलेजच्या विद्यार्थ्यांना सोमा क्यूबची, म्हणजे ठोकळे जुळवून आकार बनवायची, कोडी दिली होती. एका गटाला मधल्या सत्रात कोडं सोडवण्याचे पैसे दिले आणि पुढच्या सत्रात बंद केले. मोकळ्या वेळात हा गट कोड्यांकडे आधीपेक्षा कमी वळला. डेसी, कोस्टनर आणि रायन यांनी १९९९ मध्ये अशा १२८ अभ्यासांचा एकत्रित आढावा घेतला. काम केलं म्हणून मिळणारं, आधीपासून कबूल केलेलं बक्षीस आतली ओढ कमी करतं, हेच त्यात दिसलं. हजेरीच्या मार्कांनी बाक भरतात हे खरं आहे. पण त्यानंतर मुलगा हजेरीसाठी येतो आणि हजेरी लागली की त्याचं काम संपतं.

असाइनमेंटच्या कॉपीकडेही मी नीतिमत्तेचा प्रश्न म्हणून बघत नाही. सेमिस्टरच्या शेवटच्या आठवड्यात सहा विषयांच्या फाइली, प्रत्येकीत पाच असाइनमेंट, सगळ्यांना तेच प्रश्न आणि तपासणी म्हणजे शेवटच्या पानावर एक सही. रात्रभर उतरवण्यावाचून मुलाला दुसरा मार्गच ठेवलेला नाही. आता तर उदाहरणाचा फोटो काढला की मोबाइलवर उत्तर तयार.

इथला उपाय आपल्याच हातात आहे. प्रश्न दहाऐवजी तीन द्या, पण दर आठवड्याला. समीकरणातल्या एका स्थिरांकाच्या जागी स्वतःच्या रोल नंबरचा शेवटचा अंक अधिक एक घालायला सांगा. पद्धत सगळ्यांची एक, उत्तर ज्याचं त्याचं. आणि ट्यूटोरियलला दर वेळी पाच-सहा जणांना त्यांच्याच वहीतली एक ओळ दाखवून दोन मिनिटं विचारा, ‘इथून इथे कसा आलास?’ उतरवलेलं असेल तर पहिल्या वाक्यात कळतं. तेव्हा फाडून खाऊ नका. ‘ठीक, मग आता इथेच करू’ म्हणा. टर्मवर्कचे मार्क या दोन मिनिटांवर द्या, फाइलीच्या कव्हरवर नको.

‘वेळच नाही मॅडम’

हे कारण ऐकलं की आपल्याला बहाणा वाटतो. काहींचा असतोही. पण चिठ्ठ्यांमधून जे येतं ते वाचल्यावर मी आता आधी विश्वास ठेवते. पहाटे गावातून एसटी, संध्याकाळची शेवटची गाडी साडेपाचची. रात्री डिलिव्हरीचं काम. महाडीबीटीवरचा स्कॉलरशिपचा अर्ज परत आला म्हणून तहसीलच्या चकरा, कास्ट व्हॅलिडिटीची तारीख. स्कॉलरशिप अडकली तर फी भरायची कुठून, ही चिंता डोक्यात असताना लाप्लास डोक्यात शिरणार कसा?

आपण हे सोडवू शकत नाही. पण काही लहान गोष्टी जमतात. टाइमटेबल लागण्याआधी एचओडींकडे जाऊन गणिताचा तास प्रॅक्टिकलनंतरच्या शेवटच्या स्लॉटमधून काढून घ्या. शंका विचारायची वेळ पाचनंतर ठेवली तर एसटीवाले कधीच येणार नाहीत, दुपारच्या सुट्टीतली पंधरा मिनिटं ठेवा. कागदपत्रांसाठी बुडालेल्या तासाचं काम पुढच्या आठवड्यात स्वीकारा. कमवा आणि शिका योजनेतल्या मुलांच्या कामाच्या वेळा विचारून घ्या. फारसा खर्च नाही, फारशी परवानगीही लागत नाही.

तासाला काय बदलायचं

सलग पन्नास मिनिटं फळ्यावर लिहिणं कमी करा, इतकंच. फ्रीमन आणि सहकाऱ्यांनी २०१४ मध्ये विज्ञान, इंजिनिअरिंग आणि गणिताच्या कोर्सेसवरचे २२५ अभ्यास एकत्र तपासले. नुसत्या लेक्चरच्या वर्गात नापास होण्याचं सरासरी प्रमाण ३३.८ टक्के होतं, मुलांना वर्गातच काम करायला लावणाऱ्या वर्गात २१.८ टक्के. यासाठी स्मार्ट बोर्ड लागत नाही. हार्वर्डचे एरिक माझूर १९९० च्या दशकापासून वापरतात ती पद्धत सत्तर जणांच्या वर्गात सहज चालते. फळ्यावर एक प्रश्न आणि चार पर्याय, सगळ्यांनी एकाच वेळी बोटांनी उत्तर दाखवायचं, मग शेजाऱ्याला दोन मिनिटं पटवायचं, पुन्हा बोटं. शेजाऱ्याशी मराठीत भांडू द्या. गणित समजतं ते त्या भांडणातच.

एक तक्रार मात्र नक्की येईल, ‘मॅडम शिकवतच नाहीत, आम्हालाच करायला लावतात.’ फीडबॅक फॉर्ममध्येही उमटेल. हार्वर्डमध्येच डेलॉरिए आणि सहकाऱ्यांनी २०१९ मध्ये हे मोजून दाखवलं: स्वतः सोडवणाऱ्या मुलांचे चाचणीत मार्क जास्त आले, पण आपण कमी शिकलो असं त्यांना वाटत होतं. गुळगुळीत लेक्चर ऐकताना सगळं कळल्यासारखं वाटतं. हे मुलांना दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यातच उघड सांगा, आणि फीडबॅक खाली आला तर एचओडींनाही सांगा.

तरीही न हलणारे

काही राहतातच. एक मुलगा एमपीएससीचा अभ्यास करतोय, इंजिनिअरिंग घरच्यांसाठी चाललंय. त्याला गणिताची गोडी लावायच्या मागे मी लागत नाही. ‘मला फक्त पास व्हायचंय’ असं तो स्पष्ट म्हणाला तर तेही एक उद्दिष्टच आहे, आणि तो खरं बोलतोय. त्याला दोन युनिट निवडून द्या, त्यांतले प्रश्नप्रकार दाखवा, आठवड्याला तीन उदाहरणं ठरवा.

एम-थ्री तिसऱ्यांदा देणाऱ्याचं तसं नसतं. त्याला वाटतं, मी काहीही केलं तरी निकाल तोच येतो. त्याला वर्गात बसवून पुन्हा पहिल्यापासून ऐकवू नका. युनिव्हर्सिटीकडे अर्ज करून मागच्या परीक्षेची उत्तरपत्रिका मागवता येत असेल तर मागवायला सांगा, आणि ती समोर ठेवून बसा. कुठल्या प्रश्नात मार्क गेले ते त्यालाच मोजायला लावा. बऱ्याचदा कळतं की दोन प्रश्न त्याने सोडवायलाच घेतले नव्हते आणि एकात शेवटच्या ओळीत चिन्ह चुकलं होतं. मग पुढच्या पेपरला काय करायचं हे ठरवणं सोपं जातं, आणि ते तोच ठरवतो.